अण्णांच्या कॅसेटींची सूची करायची आहे, फुकट सॉफ्टवेअर सुचवा

जोगकंस
रविवार, सकाळी १०:२०

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं काय हवंय ते कळेल.

माझे वडील, अण्णा, मिरजेला असतात. वय ८१. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण जीव गाण्यात. १९७८ साली घरात टेपरेकॉर्डर आला आणि तेव्हापासून त्यांनी रेडिओवरच्या मैफली, ओळखीच्यांच्या घरच्या बैठकी, मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं, असं जमेल तेवढं टेप केलं. कलाकारांची परवानगी घेऊन, पुढे बसून. एकूण २४० कॅसेटी, जवळजवळ सगळ्या ९० मिनिटांच्या. शिवाय भावगीतं आणि नाट्यपदांच्या विकतच्या पन्नासेक सीडी आहेत, त्या मी स्वतः संगणकावर उतरवल्या.

कॅसेटी चार वर्षांपूर्वी एका दुकानात डिजिटल करायला दिल्या. काम झालं, पण हातात आलं ते असं: 'न्यू फोल्डर १' ते 'न्यू फोल्डर ६०' आणि प्रत्येकात 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. कुठली फाईल कुठल्या कॅसेटची याची नोंद नाही. १२८ केबीपीएसच्या एमपी३, एका बाजूची एक फाईल, एकूण ४६६ (काही बाजू कोऱ्या होत्या). कॅसेटींच्या पुठ्ठ्यांवर अण्णांच्या अक्षरात राग, गायक, तबल्यावर कोण, तारीख असं लिहिलंय. काहींवर फक्त 'छान' एवढंच.

आता मला असं काहीतरी हवंय की 'मारवा' टाकलं की सगळे मारवे समोर यावेत, आणि अमुक वादक साथीला कुठे कुठे आहेत तेही. मराठीत लिहिता यायला हवं. पैसे भरायची तयारी नाही असं नाही, पण वर्षाला वर्गणी नको. मी विंडोज वापरते, भाऊ लिनक्स.

अण्णांचे कान अजून चोख आहेत. डोळे मात्र थकलेत, त्यामुळे हे काम लवकर व्हावं असं वाटतं.

कीबोर्डकर
रविवार, सकाळी ११:०५

विंडोजवर दोन सॉफ्टवेअरं उतरवून घ्या: एमपी३टॅग आणि फूबार२०००. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

एमपी३टॅग हे लिहिण्याचं हत्यार. शंभर फाईली एकदम निवडून सगळ्यांना 'गायक' एका झटक्यात लावता येतो. त्यात स्वतःचे रकाने तयार करता येतात: राग, ताल, तबला, संवादिनी, स्थळ. एमपी३ फाईलच्या पोटात अशा मनाजोगत्या नोंदींसाठी जागा असतेच, बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

फूबार२००० हे शोधण्याचं आणि ऐकण्याचं. दिसायला रुक्ष आहे, पण तुम्ही केलेला 'राग' हा रकाना पडद्यावर लावता येतो. फॅसेट्स नावाचं जोडसॉफ्टवेअर घातलंत की डावीकडे रागांची यादी, मधे गायकांची, उजवीकडे फाईली. 'मारवा'वर टिचकी मारली की फक्त मारवे. तुम्ही लिहिलंय तेच.

म्युझिकबी दिसायला जास्त देखणं आणि तेही फुकट. पण मला एवढ्या मोठ्या साठ्याला फूबार जास्त भरवशाचं वाटतं.

उघडी_खिडकी
रविवार, दुपारी १२:४०

वरची तिन्ही फुकट आहेत, मुक्त नाहीत. त्यांचा मूळ संकेत (सोर्स कोड) खुला नसतो, उद्या बनवणाऱ्याने हात काढून घेतला तर पुढे नेणारं कोणी नसतं. ३०-४० वर्षं टिकायला हवं अशा साठ्यासाठी मी हा फरक मोठा मानते.

तुमच्या भावाच्या लिनक्सवर क्वॉड लिबेट बसवा. ते मुक्त आहे आणि मला माहीत असलेल्यांपैकी मनाजोगत्या नोंदींना सगळ्यात जास्त मोकळीक देणारं आहे. कुठल्याही नावाचा रकाना करा, शोधपट्टीत 'राग बरोबर मारवा आणि तबला बरोबर अमुक' अशी जोडचौकशी करा. टॅग (फाईलच्या पोटातल्या या नोंदी) लिहायला केआयडी३ आहे, ते विंडोजवरही चालतं. काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची सवय असेल तर बीट्स. ते सगळ्या संग्रहाची एसक्यूलाईट पद्धतीची माहितीसाठ्याची फाईल बनवतं, म्हणजे उद्या बीट्स नसलं तरी ती फाईल दुसऱ्या कशानेही उघडता येते.

विकतच्या सीडींसाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड. गाण्याच्या ध्वनीचा ठसा घेऊन ते जगभरच्या लोकांनी भरलेल्या माहितीशी ताडून बघतं आणि टॅग भरून देतं. हेही मुक्त. बार्सिलोनाच्या एका विद्यापीठातल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने याच म्युझिकब्रेन्झमध्ये हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची पुष्कळ माहिती भरली, आणि तिथे रचनेला राग व ताल जोडायची सोयही आहे.

चौकोन
रविवार, दुपारी १:१५

४६६ फाईली म्हणजे ४६६ ओळी. लिबरऑफिस कॅल्कमध्ये तक्ता करा, गाळणी (फिल्टर) लावा, झालं. इतकी सॉफ्टवेअरं शिकण्यात दोन महिने जातील आणि वडिलांशी बसायचं राहून जाईल.

उघडी_खिडकी
रविवार, दुपारी १:३०

@चौकोन, घाईबद्दल सहमत, तक्त्याबद्दल नाही. तक्ता एकीकडे आणि फाईल दुसरीकडे राहते. भावाने फाईली पेनड्राइव्हवर नेल्या की त्या परत 'ट्रॅक ०१' होतात. टॅग फाईलच्या आत असतो, फाईल जाईल तिथे जातो.

ग्रंथसंगती
रविवार, संध्याकाळी ६:५०

मी ३१ वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. सॉफ्टवेअरमधलं मला फार कळत नाही, पण सूची कळते. जोगकंस, तुम्ही सॉफ्टवेअर निवडायच्या आधी तीन गोष्टी करा अशी माझी विनंती आहे.

पहिली म्हणजे दाखल क्रमांक. प्रत्येक कॅसेटला ००१ ते २४० असा आकडा, आणि तो कॅसेटच्या अंगावर, फक्त पुठ्ठ्याच्या डबीवर नाही, कारण डब्या बदलतात. बाजूला अ आणि ब. हा क्रमांक एकदा दिला की कधीच बदलायचा नाही. राग चुकीचा ओळखला गेला तरी क्रमांक तोच राहतो. रागावरून किंवा गायकावरून क्रमांक देण्याचा मोह अजिबात धरू नका. ग्रंथालयात दाखल नोंदवही आणि वर्गीकरण या दोन वेगळ्या वस्तू असतात त्या याचसाठी.

दुसरी, प्रमाण नावांची यादी. एक वही करा. हनगल की हंगल, मन्सूर की मनसूर, खाँ की खान, एकदा ठरवा आणि यादीत नसलेलं नाव टॅगमध्ये जाऊ देऊ नका. 'पंडित', 'उस्ताद', 'विदुषी' नावाच्या आधी लावू नका. आदर कमी होतो म्हणून नाही, तर लावले की सूचीत सगळे पंडित 'प'मध्ये गोळा होतात आणि शोधणाऱ्याला कोणीच सापडत नाही. रागांचंही तसंच. आणि साथीचं वाद्य पेटी, संवादिनी की हार्मोनियम? तिन्ही बरोबर आहेत, एकच ठेवा.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक नोंदीपुढे 'कशावरून' असा एक रकाना ठेवा. डबीवर लिहिलंय, निवेदकाने सांगितलंय, अण्णांनी ऐकून ओळखलं, की आपला अंदाज. वीस वर्षांनी एखादा अभ्यासक 'हे १९८१चं कशावरून' असं विचारेल तेव्हा हाच रकाना उत्तर देईल. हा रकाना नसलेल्या सूच्या मी आयुष्यभर निस्तरल्या आहेत.

कीबोर्डकर
रविवार, संध्याकाळी ७:१०

@ग्रंथसंगती, सर, वाखूसा (वाचनखूण साठवली). 'कशावरून' रकाना माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. आज माझ्या संग्रहात घालतो.

तिहाई
रविवार, रात्री ९:३५

तबला शिकतो, शिकवतो, आणि माझ्या गुरुजींच्या संग्रहाचं असंच काम केलंय. गाण्याच्या अंगाने काही गोष्टी.

'अल्बम', 'गाणं', 'कलाकार' या तीन खणांत बाहेरच्या सगळ्या सॉफ्टवेअरांचं जग बसतं. आपली मैफल त्यात बसत नाही. एका फाईलमध्ये विलंबित एकतालातला बडा ख्याल, मग द्रुत तीनताल, शेवटी एखादं नाट्यपद. ९० मिनिटांच्या कॅसेटची बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे एकच राग 'अ' बाजूला सुरू होऊन 'ब' बाजूला संपतो, मधला तुकडा कॅसेट उलटण्यात गेलेला. फाईली कापायला जाऊ नका. क्यू फाईल करा. ती साधी मजकुराची फाईल असते: ००:०० ला यमन, विलंबित, ३१:२० ला द्रुत, ४०:०५ ला भजन. फूबार२००० ती वाचतं आणि एकाच फाईलचे तीन ट्रॅक दाखवतं. मूळ ध्वनी जसाच्या तसा राहतो.

'अल्बम'च्या खणात मी 'बैठक' लिहितो: तारीख, गाव, कोणाकडे. मग दोन्ही बाजू आपोआप एकत्र येतात. बंदिशीचा मुखडा शीर्षकात. राग, ताल वेगळे.

रेडिओवरून टेप केलेल्या फाईलींच्या सुरुवातीचं निवेदन कृपा करून कापू नका. लोक 'स्वच्छ' करायच्या नादात पहिली वीस सेकंदं उडवतात. गायक, राग, ताल, साथीदार सगळं त्यातच असतं!

आणखी एक रकाना सुचवतो, पट्टी, म्हणजे गायक पेटीची कुठली काळी-पांढरी पट्टी सा धरून गातो ते. टेपरेकॉर्डरचा वेग कमी-जास्त झाला की सूर सरकतो. अर्धा सूर वर म्हणजे वेग सुमारे ६ टक्के जास्त. एखादा गायक नेहमी काळी एकला गातो हे ठाऊक असेल आणि फाईलमध्ये पांढरी दोन ऐकू येत असेल, तर गायक बदललेला नसून टेप पळालेली असण्याची शक्यता जास्त. अण्णांना तानपुरा लावून द्या, ते लगेच सांगतील. मिरजेत तानपुऱ्याला काय तोटा!

जोगकंस
सोमवार, रात्री १०:१५

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. ग्रंथसंगती काका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुमचा प्रतिसाद मी अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतोय, आधी आकडे टाकू."

काल रात्री मात्र घाबरगुंडी उडाली. सीडींसाठी पिकार्ड उतरवलं, सीडींची कामं छान झाली. उत्साहात कॅसेटींचे पहिले दहा फोल्डरही ओढून टाकले. जवळजवळ सगळ्याच फाईली त्याला ओळखता आल्या नाहीत आणि दोनांना त्याने कुठल्यातरी परदेशी अल्बमची नावं लावायला घेतली. सेव्ह करायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं. असं का होतं?

शिवाय मराठीत टॅग लिहून बघितले, तर संगणकावर नीट दिसतात आणि गाडीच्या स्टिरिओवर चौकोन.

उघडी_खिडकी
सोमवार, रात्री १०:५०

मी स्पष्ट लिहायला हवं होतं, माझी चूक. पिकार्ड फक्त प्रकाशित ध्वनिमुद्रणांसाठी. घरगुती बैठक जगात दुसऱ्या कोणाकडे नाही, मग ठसा कशाशी ताडणार? शिवाय ठसा फाईलच्या सुरुवातीच्या साधारण दोन मिनिटांवरून घेतला जातो, आणि तिहाई म्हणतात तसा टेपचा वेग बदललेला असेल तर प्रकाशित ध्वनिमुद्रणही जुळत नाही. कॅसेटींच्या फाईली पिकार्डकडे नेऊच नका. बीट्सही सुरुवातीला म्युझिकब्रेन्झला विचारायला जातं; तिथे 'आहे तसं घे' हा पर्याय निवडायचा.

आणि कुठलंही सॉफ्टवेअर चालवायच्या आधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर. मग ती डिस्क कपाटात.

कीबोर्डकर
सोमवार, रात्री ११:२५

चौकोनांचं सांगतो. एमपी३ टॅगची पहिली पद्धत १९९६ची. फाईलच्या शेवटी फक्त १२८ बाइट, त्यात शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०. देवनागरीचा तिथे विचारच नव्हता. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ३० बाइटांत १० चिन्हं, त्यातही काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजायच्या. नंतरच्या पद्धतींत युनिकोड आलं, एमपी३टॅग तेच वापरतं. संगणकावर आणि फोनवर अडचण येत नाही. गाडीतल्या बऱ्याच यंत्रांत देवनागरी फाँटच नसतो, त्याला इलाज नाही.

म्हणून मी असं करतो: टॅग देवनागरीत, फाईलचं नाव रोमन लिपीत, सुरुवातीला दाखल क्रमांक. गाडीत फाईलचं नाव दिसतं, घरी टॅग. रकान्याचं नावही रोमनमध्येच ठेवा, कारण फ्लॅक (ध्वनीतलं काही न गाळता साठवणाऱ्या) फाईलींच्या टॅग-पद्धतीत रकान्याच्या नावाला देवनागरी चालत नाही. आतला मजकूर मात्र बेलाशक देवनागरी.

वर्ष आणि तारीख मात्र इंग्रजी आकड्यांत लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. देवनागरी आकडे बहुतेक सॉफ्टवेअरांना आकडे म्हणून कळत नाहीत. '१९८० ते १९८५ मधलं दाखव' म्हटलं की काही मिळत नाही. मला मराठी आकडे फार आवडतात, पण इथे नको.

ग्रंथसंगती
मंगळवार, सकाळी ८:००

काका चालेल. आनंद वाटला.

कीबोर्डकर, एक शंका. आमच्या संगणकावर 'कऱ्हाड' शोधलं की निम्म्या नोंदी येतात, निम्म्या येत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. हे काय आहे?

कीबोर्डकर
मंगळवार, सकाळी ९:४५

काका, तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. तो 'ऱ्ह'मधला अर्धा र दोन-तीन प्रकारे टंकता येतो. एक म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरून, दुसरं 'र'ला नुक्ता जोडून, तिसरं साध्या 'र'च्या हलन्तानंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर एकच, संगणकाच्या लेखी वेगळे. पहिले दोन युनिकोडच्या नियमाने समान मानता येतात, पण सगळी सॉफ्टवेअरं ते करत नाहीत. तिसरं तर नियमानेही वेगळंच. 'सुऱ्या' असल्या शब्दांत जिथे तो येतो तिथे सगळीकडे हाच घोळ.

उपाय तुमचाच. प्रमाण नावांची यादी एका मजकूर-फाईलमध्ये ठेवा आणि नाव दर वेळी टंकू नका, तिथून चिकटवा. संग्रहावर काम करणाऱ्या सगळ्यांनी.

सातासमुद्रापार
मंगळवार, दुपारी ३:१०

टोरांटोहून लिहितो. माझ्या आईने जमवलेली भावगीतं आणि नाट्यगीतं अशी साधारण तीन हजार गाणी आहेत. सूची झाल्यावर ती घरातल्या सगळ्यांना ऐकता यावीत म्हणून मी नॅव्हिड्रोम वापरतो. मुक्त आहे, रास्पबेरी पायसारख्या हातभर नव्हे, तळहाताएवढ्या संगणकावर चालतं. मी इथे, बहीण नाशिकला, आई पुण्यात. तिघंही फोनवर तोच संग्रह उघडतो. आईला फोनवर शोधायला जमत नाही, म्हणून तिच्यासाठी रोज सकाळची एक यादी करून ठेवतो.

एक युक्ती: बहुतेक फोन-ॲपांना 'राग' नावाचा रकाना कळत नाही, 'जॉनर' (गाण्याचा प्रकार) कळतो. म्हणून राग त्याच्या रकान्यात तर लिहाच, शिवाय जॉनरमध्येही लिहा. 'शास्त्रीय' असं जॉनर लिहून काही साधत नाही, सगळंच शास्त्रीय असतं.

भावगीतांना गायक, गीतकार, संगीतकार तिन्ही भरा. टॅगमध्ये गीतकार आणि संगीतकाराला स्वतंत्र जागा आहेत, आपले लोक सगळं 'कलाकार'मध्ये कोंबतात. गीतरामायणाचं उदाहरण घ्या. ५६ गीतं, पण पुणे आकाशवाणीवर १९५५-५६मध्ये निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायलेली वेगळी आणि सुधीर फडके यांनी स्वतः सगळी गायलेली वेगळी. शीर्षक, गीतकार, संगीतकार सगळं तेच. गायक आणि वर्ष नीट भरलं नाही तर दुहेरी फाईली शोधणारं सॉफ्टवेअर एक संच खुशाल उडवून टाकायला सांगेल. माझ्याकडे तसं होता होता राहिलं. चकावका नावाचं मुक्त सॉफ्टवेअर दुहेरी फाईली चांगल्या शोधतं, पण पुसायचा निर्णय कानाने घ्या.

चौकोन
मंगळवार, संध्याकाळी ५:३०

वाचून मत थोडं बदललं. तक्ता तरी सोडू नका, असं करा: अण्णांसमोर बसाल तेव्हा तक्त्यातच भरा, कारण तिथे टंकायला सगळ्यात वेगाने होतं. नंतर एमपी३टॅगमध्ये मजकूर-फाईलवरून टॅग भरायची सोय आहे. तक्त्यातल्या ओळींचा क्रम आणि फाईलींचा क्रम एकच हवा, एवढं सांभाळा. पहिली, मधली आणि शेवटची नोंद ताडून मगच ओके. उलट दिशेनेही जातं, टॅगांवरून तक्ता काढून छापता येतो.

उघडी_खिडकी
मंगळवार, संध्याकाळी ६:००

हे पटलं. तक्ता भरायला, टॅग टिकायला.

तिहाई
मंगळवार, रात्री १०:२०

कॅसेटी टाकून देऊ नका हो. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये तानपुऱ्याची झार आणि तबल्याच्या चाटेची कड गेलेली असते, आणि ती फ्लॅकमध्ये बदलून परत येत नाही. पुढेमागे ज्या वीस-तीस कॅसेटी अनमोल ठरतील त्या पुन्हा उतरवा. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची आहे. तेव्हा फ्लॅकमध्ये ठेवा, वेव्हमध्ये नको. वेव्हमध्ये टॅगचा भरवसा नाही. फ्लॅकच्या पोटात मूळ ध्वनीची पडताळणी-खूणही असते, त्यामुळे फाईल नासली तर तपासून कळतं.

सीडीच्या दर्जाचा विचार केला तर एका तासाला सुमारे ६३५ एमबी. तुमचे ३६० तास म्हणजे साधारण २३० जीबी, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्मे ते दोन-तृतीयांश. आजच्या डिस्कच्या मानाने काहीच नाही.

जोगकंस
तीन महिन्यांनंतर, शनिवार, रात्री ९:००

धागा वर काढतेय, कारण इथे कळवणं माझं कर्तव्य आहे.

दर शनिवार-रविवार मिरजेला गेले. पहिला शनिवार-रविवार फक्त क्रमांक टाकण्यात गेला. कुठली फाईल कुठल्या कॅसेटची हे शोधायला जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला, कॅसेटचं पहिलं अर्धं मिनिट वाजवायचं आणि जुळणारी फाईल शोधायची. अण्णा कॅसेट लावायचे, मी फाईली उघडायचे. या कामाला सहा आठवडे लागले, आणि कुठलंही सॉफ्टवेअर यात उपयोगी पडलं नसतं असं आता वाटतं.

मग तक्ता. रकाने असे ठरले: क्रमांक, बाजू, गायक किंवा वादक, राग, ताल, मुखडा, तबला, संवादिनी, इतर साथ, तारीख, स्थळ, स्रोत, पट्टी, कशावरून, आणि शेवटी 'अण्णा म्हणतात'. हा शेवटचा मी वाढवला. त्यात ते ऐकताना जे बोलतात ते तसंच उतरवते. "त्या दिवशी वीज गेली होती, कंदिलात गायले." "इथे तबल्याची शाई बिघडली होती, ऐक." एका मारव्याखाली त्यांनी मला "पूरिया लिहू नकोस, षड्ज किती उशिरा येतोय बघ" असं खडसावलं, तेही लिहिलंय.

एमपी३टॅगने तक्ता फाईलींत उतरवला, फूबारमध्ये फॅसेट्स लावलं. भावाकडे त्याच फाईली नेल्या, टॅग त्यांच्यासोबतच गेले. उघडी_खिडकी, तुमचं म्हणणं तेव्हा पूर्ण पटलं. मारव्याच्या सहा नोंदी निघाल्या. अण्णांना स्वतःला चारच आठवत होत्या.

ग्रंथसंगती
शनिवार, रात्री ९:४०

'अण्णा म्हणतात' हा रकाना मी माझ्या सगळ्या सेवाकाळात कुठल्या सूचीत पाहिला नाही. छापून एक प्रत काढाच, आणि ती दर्ग्यातल्या गाण्याचं काम बघणाऱ्यांनाही दाखवा.

उघडी_खिडकी
शनिवार, रात्री १०:०५

छापा, दाखवा, पण ध्वनी आंतरजालावर चढवायची घाई करू नका. सूची सगळ्यांना द्यायला हरकत नाही. आपल्या कायद्यात प्रकाशित ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण आहे, आणि बैठकीच्या टेपांवर गायकांचा हक्क येतो. ज्यांचे वारस ठाऊक आहेत त्यांना आधी विचारा. त्यांना त्यांच्या घरातला आवाज ऐकायला मिळेल, हेही आहेच.

जोगकंस
शनिवार, रात्री ११:१५

हो, तीन घरी पत्रं पाठवली आहेत. एकीकडून उत्तर आलं, त्यांच्याकडे वडिलांचं एकही ध्वनिमुद्रण नव्हतं. पुढच्या महिन्यात मिरजेला येणार आहेत ऐकायला.

आता ४६६पैकी ३८ फाईलींवर 'स्थळ: अनोळखी' आहे. आज दुपारी त्यातली १९३-ब लावली. गायिका तरुण आहेत, नाव डबीवर आहे, बाकी काही नाही. भीमपलास चाललेला, आणि एकविसाव्या मिनिटाला लांबून एक बारीक शिट्टी ऐकू येते. मी तो आवाज खराबी म्हणून नोंदवायला घेतला, तर अण्णांनी हात वर केला. म्हणाले, "मागे घे जरा." पुन्हा ऐकलं. "ही पंढरपूरच्या छोट्या गाडीची शिट्टी. म्हणजे स्टेशनाजवळच्या वाड्यातली बैठक, माडीवरची. गाडी सुटेपर्यंत बाईंनी तान थांबवून धरली होती बघ, मग समेवर आल्या."

नॅरोगेज जाऊन किती वर्षं झाली. स्थळ भरलं, 'कशावरून'मध्ये लिहिलं: एकविसाव्या मिनिटाची शिट्टी. उरलेल्या ३७ उद्यापासून.